कुटायचे पत्ते, बघायचे पत्ते

आपल्याकडे पत्ते खेळत नाहीत, 'कुटतात'. या एका क्रियापदात घरोघरच्या वडीलधाऱ्यांचं मत आलं! म्हणूनच युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून चित्रं छापणारा पहिला मोठा कलावंत चक्क पत्त्यांच्या नावाने ओळखला जातो, हे वाचून मला फार गंमत वाटली.

त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. अभ्यासक त्याला 'पत्त्यांचा उस्ताद' म्हणतात. काळ साधारण १४३० ते १४५०च्या दशकांचा, मुलूख जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्याचा. कोरणीचं हे काम मुळात सोनारांचं. गुळगुळीत पत्र्यावर रेषा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून जोराने दाबायचा. खाचेतली शाई कागदावर उमटते, तीही उलटी. म्हणजे डावं-उजवं आधीच मनात फिरवून ठेवायला हवं.

त्याच्या पत्त्यांत इस्पिक-बदाम नाहीत. तिथे फुलं आहेत, पक्षी आहेत, हरणं आहेत, सिंह-अस्वलांसारखी हिंस्र जनावरं आहेत आणि अंगभर केस असलेली रानटी माणसंही आहेत. आपल्या नव्वीवर एकच बदाम नऊ वेळा छापलेला असतो. याच्या पक्ष्यांत मात्र प्रत्येकाची ऐट वेगळी. बारीक, जवळजवळ ओढलेल्या रेषांनी पिसांना आणि अंगांना गोलाई आणली आहे.

आणि हे सगळं कशासाठी, तर पत्त्यांसाठी! फ्लॉरेन्स नगरीने १३७७ मध्येच या खेळावर बंदी आणली होती. गंमत अशी, की त्याच वर्षी योहानेस नावाच्या एका जर्मन धर्मोपदेशकाने पत्त्यांवर ग्रंथ लिहून त्यांतून समाजनीतीचे धडे काढले. पुढे १४५२-५३ मध्ये माइन्झला हाताने लिहिलेल्या प्रचंड बायबलच्या समासात याच पत्त्यांशी जुळणारी फुलं आणि प्राणी अवतरले. कुणी कुणाचं पाहिलं, यावर पंडितांचे वाद आहेत. पण जुगाऱ्यांच्या हातातलं हरीण धर्मग्रंथात शोभून दिसलं, हे खरं.

खेळले गेलेले पत्ते झिजतात, फाटतात, फेकले जातात. वाचलेले थोडे आज मुख्यतः पॅरिस आणि ड्रेस्डेनच्या संग्रहांत आहेत.

कोलोनच्या एका कलावंताने १५००च्या सुमारास असेच कोरीव, पण गोल पत्ते केले. त्यांत ससे, पोपट, गुलाब आहेत. गोल म्हटल्यावर मला आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा आठवल्या. या दोन्हींचं नातं मी जोडत नाही, कारण आपल्या गंजिफा छापलेल्या नसून हाताने रंगवलेल्या. दशावतारी डावात दहा अवतारांची १२० पानं. पण ती रंगवणाऱ्या किती चिताऱ्यांची नावं आपण जपली? तिथेही उस्ताद अनामिकच.

तेव्हा नातेवाईक मंडळींनो, कुणाच्या माळ्यावर गंजिफांचा जुना डबा असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत टाकू नका. कुटायचे नसतील तर निदान बघा तरी!

असो.