वारज्याची तीन मते

वारजे-माळवाडीतला मतदार तीन निवडणुकांत मत देतो. १९९७ च्या हद्दवाढीत गाव पुणे महापालिकेत आले, तेव्हापासून नगरसेवक पुण्याचे. विधानसभेचा मतदारसंघ खडकवासला. लोकसभेला मात्र वारजे बारामतीत मोडते, त्यामुळे मुठेकाठच्या सोसायटीतला आयटीवाला आणि इंदापूरचा ऊस बागायतदार मिळून एक खासदार निवडतात. समलिंगी आणि तृतीयपंथी नागरिकांसाठी सरकारने काही करावे, अशी अपेक्षा धरून जो मतदानाला जातो, त्याला या तिन्ही ठिकाणी आजवर वेगवेगळे उत्तर मिळालेले आहे.

सरकारशी या समाजाचा संबंध मात्र मतपेटीच्या फार आधीचा. मराठा राजवटीत दख्खनमधल्या काही हिजड्यांकडे वतनी हक्क होते. कुठे जमिनीचा तुकडा, कुठे रोख नेमणूक, कुठे ठरलेल्या गावांतून मागून घेण्याचा अधिकार, आणि त्याला सरकारी सनदेचा आधार. कंपनी सरकार आले, इनामांची छाननी सुरू झाली आणि मुंबई इलाख्यातल्या अधिकाऱ्यांना प्रश्न पडला की, असल्या हक्काला सरकारने पाठबळ का द्यावे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते पाठबळ काढून घेतले गेले. पुढे १८६० च्या दंडविधानात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ आले आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नावे पोलिसी नोंदवहीत घालण्याची तरतूद झाली. ज्या सरकारने सनद लिहून दिली होती, त्याच्या जागी आलेल्या सरकारने नोंदवही उघडली.

या विषयावर मराठीत जाहीरपणे लिहिण्याची किंमत मोजणाऱ्यांतले एक आडनाव वारज्याच्या शेजारीच आहे. पुण्याकडे निघाले की लागणारे कर्वेनगर महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नावाचे. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव मुंबईहून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत. जुलै १९२७ मध्ये सुरू झालेल्या या मासिकात वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांविषयीच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक प्रश्नांवर कोणी लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, ही त्यांची बाजू. कर्वे खटला हरले, त्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र १९५३ पर्यंत, कर्वे हयात होते तोवर निघत राहिले.

त्यानंतर पुण्यात संघटित काम उभे राहायला २००२ साल उजाडले. बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट काढला, मराठीतून पुस्तके लिहिली, आणि डिसेंबर २०११ मध्ये शहरात पहिली प्राइड पदयात्रा निघाली. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाचा कलम ३७७ वरचा २ जुलै २००९ चा निकाल लागू होता आणि प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नव्हते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि तेच संबंध पुन्हा गुन्हा झाले. निकालपत्रात एक कारण असे दिले होते की, हे लोक लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत.

संख्येचा हा मुद्दा निवडणुकीच्या राजकारणालाही चिकटलेला आहे. निवडणूक आयोगाने २००९ मध्ये मतदार यादीत स्त्री आणि पुरुष यांखेरीज ‘इतर’ हा रकाना दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालाने तृतीयपंथी ओळखीला घटनात्मक मान्यता दिली. याचिकाकर्त्यांपैकी गौरी सावंत मूळच्या पुण्याच्या; २०१९ च्या लोकसभेला महाराष्ट्रात आयोगाने त्यांना सदिच्छादूत नेमले. तरीही आकडा फुगला नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद ‘इतर’ अशी झाली होती. त्यात लहान मुलेही आली. २०२४ च्या विधानसभेला राज्याच्या यादीत तृतीयपंथी मतदार होते जेमतेम सहा हजार. घर सुटलेले, गावाकडे जुन्या नावाने कागद असलेले, घरमालक भाडेकरार करून देत नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नसलेले बाकीचे कुठल्या रकान्यात आहेत, हे कोणत्याच पक्षाच्या बूथप्रमुखाला ठाऊक नसते. समलिंगी मतदार तर या हिशेबात येतच नाही. वारज्याच्या यादीत तो ‘पुरुष’ असतो किंवा ‘स्त्री’, आणि त्याच्या अपेक्षेची नोंद कुठेही नसते.

लोकसभेच्या मताचा इतिहास याच पार्श्वभूमीवर वाचायला हवा. १८ डिसेंबर २०१५ रोजी शशी थरूर यांनी कलम ३७७ शिथिल करणारे खासगी विधेयक मांडायला परवानगी मागितली. सभागृहाने ती ७१ विरुद्ध २४ मतांनी नाकारली. चर्चा दूरच, विधेयक टेबलावरही आले नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेच ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, महाराष्ट्रात राष्ट्रवादी काँग्रेसने पक्षाचा एलजीबीटी सेल सुरू केला. देशातल्या राजकीय पक्षांतला हा पहिलाच.

१ एप्रिल २०२२ रोजी वारज्याच्याच खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये दुरुस्ती करणारे खासगी विधेयक मांडले. कायद्यात जिथे पती आणि पत्नी म्हटले आहे तिथे जोडीदार म्हणावे. दोघे पुरुष असतील तर किमान वय २१ आणि दोघी स्त्रिया असतील तर १८ असावे, अशी त्याची मांडणी. सहा वर्षांपूर्वी ज्या सभागृहाने विषय दारातच अडवला होता, तिथे तो निदान आत आला.

पण खासगी विधेयकांचे नशीब जगजाहीर आहे. स्वातंत्र्यानंतर अशी अवघी १४ विधेयके कायदा झाली, त्यातले शेवटचे १९७० मध्ये. सतरावी लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित झाली आणि सुळे यांचे विधेयक त्याबरोबर व्यपगत झाले. दरम्यान १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार देऊन चेंडू संसदेकडे टोलवला. काँग्रेसने २०२४ च्या जाहीरनाम्यात अशा जोडप्यांच्या नागरी सहजीवनाचा कायदा आणण्याचे आश्वासन दिले. सुळे बारामतीतून चौथ्यांदा निवडून आल्या, पण सहापैकी एका विधानसभा क्षेत्रात त्या मागे राहिल्या, ते म्हणजे खडकवासला. प्रचारात विषय होते पवार कुटुंबातली फूट, पाणी आणि रस्ते. जोडीदाराच्या हक्काचे विधेयक आपल्या खासदाराने मांडले होते, हे किती मतदारांच्या कानावर गेले असेल कोण जाणे.

विधानसभेकडून मिळालेले उत्तर अधिक सरकारी थाटाचे आहे. राज्याने २०२० मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ नेमले, मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तृतीयपंथी धोरण मंजूर केले. प्रत्यक्ष नोकरीची वेळ आली तेव्हा काय झाले, ते पोलीस भरतीत दिसले. ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय होते. मॅटने, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिसरा पर्याय द्यायला सांगितले, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. डिसेंबरमध्ये न्यायालयाने कान उपटले तेव्हा कुठे अर्जात रकाना वाढला आणि शारीरिक चाचणीचे नियम करायचे कबूल झाले. शेजारच्या कर्नाटकाने २०२१ मध्येच सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का समांतर आरक्षण दिले होते. समलिंगी विवाहाच्या सुप्रियो खटल्यात केंद्राने राज्यांची मते मागवली, तेव्हा राजस्थान, आसाम आणि आंध्राने थेट विरोध नोंदवला. महाराष्ट्राने विषयावर व्यापक चर्चा हवी म्हणून वेळ मागून घेतला.

महापालिकेची गोष्ट सगळ्यांत अजब. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. नेमक्या याच काळात पिंपरी-चिंचवडमध्ये आयुक्त राजेश पाटील यांच्या पुढाकाराने तृतीयपंथी सुरक्षारक्षक आणि हरित पथकातले कर्मचारी कामावर घेतले गेले, वयस्क तृतीयपंथीयांसाठी पेन्शनची योजना आली. २०२३ मध्ये पुणे महापालिकेनेही कंत्राटी पद्धतीने तृतीयपंथी सुरक्षारक्षक नेमले. गणवेश, हजेरीपत्रक, महिन्याचा पगार या गोष्टी वारज्याच्या मतदाराला त्याच्या शहरात दिसल्या, त्या सभागृहात एकही नगरसेवक नसताना. आदेश अधिकाऱ्याच्या सहीचा होता, आणि अधिकाऱ्याची बदली होते.

मतदारांनी स्वतः कौल दिल्याची उदाहरणे शोधायची तर शहराबाहेर जावे लागते. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने ज्ञानदेव कांबळे ऊर्फ माऊली यांना सरपंच केले. महाराष्ट्रातले ते पहिले तृतीयपंथी सरपंच. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकची हकीकत याहून बोलकी. अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून ग्रामपंचायतीचा अर्ज भरला. छाननीत तो बाद झाला: तृतीयपंथी उमेदवाराला महिलांची जागा कशी? २ जानेवारी २०२१ रोजी औरंगाबाद खंडपीठात न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारायला सांगितले. अट एकच, यापुढे त्यांनी पुरुष म्हणून आरक्षणाचा लाभ मागायचा नाही. पंधरवड्यात मतदान झाले आणि अंजली पाटील निवडून आल्या. हेच चित्र मोठ्या मतदारसंघात टिकत नाही. २०२४ च्या विधानसभेला वंचित बहुजन आघाडीने रावेरमधून शमिभा पाटील यांना तिकीट दिले, त्या हरल्या. जिथे उमेदवाराला लोक रोज चावडीवर, किराणा दुकानात पाहतात, तिथे मत पडते. जिथे फक्त चिन्ह आणि फ्लेक्स पोहोचतो, तिथे ते अडते.

मग वारज्यातल्या एखाद्या समलिंगी जोडप्याच्या हातात आज काय आहे? सुप्रियो निकालानंतर केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यातून काही परिपत्रके निघाली: दोघांना संयुक्त बँक खाते उघडता येते, खात्यावर एकमेकांचे नाव वारस-नामनिर्देशनाला लावता येते, आणि शिधापत्रिकेसाठी दोघे एक कुटुंब धरले जातात. दत्तक, कुटुंब निवृत्तिवेतन आणि वारसाहक्क यांसाठी मात्र कायदे आणि नियम बदलावे लागतील. विवाह हा विषय समवर्ती सूचीतला असल्याने राज्येही त्यावर कायदा करू शकतात. उत्तराखंडाने २०२४ मध्ये समान नागरी कायदा करून एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची नोंदणी सक्तीची केली, पण ती फक्त स्त्री-पुरुषांची.

काही गोष्टींना एवढाही खटाटोप लागत नाही. दोघांपैकी एकाच्या नावावर वारज्यात वन-बीएचके असेल आणि तो त्याला जोडीदाराला बक्षीसपत्राने द्यायचा असेल, तर आज मुद्रांक शुल्क खरेदीखताइतके भरावे लागते. तोच फ्लॅट पतीने पत्नीला दिला तर महाराष्ट्रात शुल्क २०० रुपये. सवलतीच्या त्या यादीत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे असे नातेवाईक आहेत. मुद्रांक अधिनियम राज्याचा आहे. त्याच्या कलम ९ खाली सरकार राजपत्रात अधिसूचना काढून शुल्क कमी करू शकते. खडकवासल्याच्या आमदाराला अधिवेशनात हा प्रश्न विचारायला लावणे वारज्याच्या मतदाराच्या हातात आहे.