काफाचं जंगल, मोख्याचा बाजार आणि आपला मुलूख

घाटनांदूरला परळीची गाडी पकडलीत, पण उतरताय ते थेट इथिओपियातल्या काफाच्या जंगलात. साल १५६०च्या आगेमागे. बालाघाटाची उघडी माळरानं इथं नाहीत. पाय चिखलात रुततात, डोक्यावर उंच झाडांचं छत, आणि त्या सावलीत कोणीही न लावलेली कॉफीची झाडं. एक लाल फळ दातांत धरा. गर पातळ, गोडसर. आत दोन हिरवट बिया. जग ज्या अरेबिका कॉफीवर जागं होतं, तिचं माहेर हेच. दीड हजार मीटरांहून उंच, गार, पावसाचा मुलूख. आपल्या ज्वारीच्या रानात हे झाड का रुजलं नाही, ते इथं उभं राहिलं की कळतं.

पूर्वेकडे निघा. सोबतचे ओरोमो वाटसरू कुटलेल्या बियांत लोणी कालवून वळलेला गोळा हातावर ठेवतात. त्यांची ही शिदोरी कडवट, तुपकट, पण पोटाला आधार देणारी. पुढं सिदामा आणि गेदेओचे डोंगर. यिरगाचेफे नावानं विकली जाणारी कॉफी आज तिथून येते. मग हरर. अमीर नूर शहराभोवती तट घालतोय. या भागात आजही फळं सालीसकट उन्हात वाळवतात, म्हणून इथल्या कॉफीला पिकल्या फळाचा वास.

तांबडा समुद्र ओलांडून मोख्याला या. येमेनचे सुफी रात्रीच्या जपाला जागायला कॉफी पितात. इस्तंबूलमध्ये कॉफीखाने निघाल्यापासून मागणी वाढते आहे. पण गोण्यांवरून नजर काढा. याच बाजारात चापू नावाचा एक हबशी, म्हणजे इथिओपियातला, पोरगा विकायला उभा केलाय. गिऱ्हाइकं त्याचे दंड चाचपतात. डच व्यापारी व्हान डेन ब्रुक पुढं त्याची किंमत लिहून ठेवेल: २० डुकाट. मला या जागेवरून पुढं सरकवत नाही. कॉफीच्या इतिहासात मोखा बंदराचं कौतुक भरपूर वाचायला मिळतं, तिथं विकलेल्या माणसांचं नाव क्वचितच.

पुढं बगदादच्या मालकानं चापूचं नाव अंबर ठेवलं. अहमदनगरला निजामशाहीचा पेशवा चंगीजखान, तोही हबशीच, त्याला विकत घेतो. १६०० मध्ये हाच मलिक अंबर दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून परांड्याहून कारभार हाकतो, मराठा स्वार घेऊन मोगली रसद तोडतो, जमिनीची प्रत आणि पीक बघून सारा ठरवतो. चिडलेला मोगल बादशहा जहांगीर अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतो. खरं मुंडकं त्याच्या हाती कधीच लागत नाही. १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात, अंबर वारला तेव्हाही फौज त्याच्याच हुकमात होती.