मेटॅलिका, पॅलेस ग्राउंड्स, ३० ऑक्टोबर २०११ : एका मैफलीचा आणि तिच्या गर्दीचा संदर्भ

बेंगळुरू : अमेरिकेतील ‘मेटॅलिका’ हा वाद्यवृंद ३० ऑक्टोबर २०११ रोजी, रविवारी संध्याकाळी, बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर उभा राहिला, तेव्हा त्याच्या स्थापनेला ३० वर्षे झाली होती आणि भारतीय चाहत्यांच्या प्रतीक्षेलाही जवळपास तितकीच. त्या भारतभेटीत पार पडलेला हा एकमेव कार्यक्रम. दुसरा, खरे तर पहिला, दोनच दिवसांपूर्वी गुडगावात कोसळला होता. त्यामुळे बेंगळुरूची ती रात्र देशातील रॉक संगीताच्या इतिहासात एकटी नोंदवता येत नाही. तिच्या शेजारी न झालेल्या कार्यक्रमाची नोंदही करावी लागते.

हार्ड रॉक आणि हेवी मेटल यांच्या सीमारेषेवर चाहते तासन्‌तास वाद घालू शकतात. सामान्य वाचकासाठी इतके पुरेसे आहे की, १९६०च्या दशकाच्या अखेरीस लेड झेपेलिन, डीप पर्पल आणि ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश वाद्यवृंदांनी विजेच्या गिटारचा नाद जाणीवपूर्वक जाड, खरखरीत आणि प्रचंड केला. त्यातून हार्ड रॉक घडले आणि त्याचीच अधिक वेगवान, अधिक काळोखी शाखा म्हणजे हेवी मेटल. जेम्स हेटफील्ड आणि लार्स उलरिक यांनी १९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन केलेल्या मेटॅलिकाने त्या शाखेला ‘थ्रॅश’ नावाचे आणखी तीव्र वळण दिले. १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमने हे संगीत घराघरांत पोहोचले. भारतात ते पोहोचले प्रथम कॅसेटवरून, एकाच्या कॅसेटवरून दुसऱ्याने, दुसऱ्याच्या कॅसेटवरून तिसऱ्याने उतरवून घेत. २०११ मध्ये मैदानावर आलेल्या तिशी-चाळिशीतल्या अनेकांची ओळख अशाच घासलेल्या फितींवर झाली होती.

गुडगावातील शुक्रवार

देशातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत त्याच आठवड्यात ग्रेटर नोएडा येथे होणार होती आणि तिच्या निमित्ताने २८ ऑक्टोबरला गुडगावच्या लेझर व्हॅली मैदानावर मेटॅलिकाचा कार्यक्रम ठरला होता. महाराष्ट्रात त्या दिवशी भाऊबीज होती. दुपारपासून रांगा लागल्या. संध्याकाळी मंचासमोरचा अडथळा गर्दीच्या दाबाने कोलमडला आणि सुरक्षेचा प्रश्न उभा राहिला. बराच काळ काही स्पष्ट सांगितले गेले नाही. मग कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होईल, अशी घोषणा झाली. संतापलेल्या जमावातील काही जण मंचावर चढले, फलक फाडले गेले, साहित्याची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम रद्दच झाल्याचे जाहीर झाले. आयोजकांविरुद्ध गुन्हाही नोंदवण्यात आला.

या घटनेचे वर्णन बहुधा ‘चाहत्यांचा धुडगूस’ अशा दोन शब्दांत संपवले जाते. मोडतोडीचे समर्थन कोणी करू नये. परंतु ताटकळलेल्या हजारो माणसांना वेळेवर आणि खरी माहिती न देणे ही गर्दी व्यवस्थापनातील मूलभूत त्रुटी आहे, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे. बेंगळुरूच्या कार्यक्रमावर त्यामुळे सावट पडले. शनिवारी दिवसभर एकच प्रश्न होता : रविवारचे काय?

सुमारे चोवीस तासांचा प्रवास

हा प्रश्न ज्यांना सर्वाधिक सतावत होता, त्यांतील बरेच जण तोवर वाटेवर होते. मुंबईहून पुणे-सोलापूर मार्गे बेंगळुरूला जाणारी उद्यान एक्स्प्रेस सुमारे २४ तास घेते. कोल्हापूरकरांसाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस होती. पुणेकरांसाठी सातारा-कोल्हापूर-बेळगाव-हुबळी या महामार्गावरून रात्रभर धावणाऱ्या खासगी बस. दिवाळीचा फराळ डब्यात भरून, अंगात काळा टी-शर्ट घालून निघालेली ही मुले गाडीत एकमेकांना सहज ओळखत. काळा टी-शर्ट हा या जमातीचा गणवेशच. त्यावरचे वाद्यवृंदाचे नाव वाचता आले की अनोळखी माणसाशी बोलायला परवानगी मिळते. दिल्लीत निराश झालेल्यांपैकी काहींनी विमानाने बेंगळुरू गाठले.

प्रवासाचे ठिकाण बेंगळुरूच का, याचे उत्तर जुने आहे. १८०९ मध्ये येथे ब्रिटिशांची लष्करी छावणी वसली आणि तिच्यासोबत पाश्चात्त्य वाद्यमेळ, अँग्लो-इंडियन वस्ती आणि नाचगाण्याची सभागृहे आली. पुढे सार्वजनिक उद्योग, विज्ञानसंस्था आणि महाविद्यालये यांनी देशभरातील तरुण येथे आणले. माहिती तंत्रज्ञान उद्योगाने त्यांच्या खिशात तिकिटाचे पैसे ठेवले. ब्रिगेड रोडच्या परिसरातील पबांत रॉक संगीत हे पार्श्वसंगीत नव्हते, तेच येण्याचे कारण होते. १९९६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणारा विनामूल्य ‘फ्रीडम जॅम’, राष्ट्रीय विधी विद्यापीठातील ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ स्पर्धा आणि ‘थर्मल अँड अ क्वार्टर’, ‘क्रिप्टॉस’ यांसारखे स्थानिक वाद्यवृंद यांतून श्रोता घडत गेला.

मुंबईची कथा नेमकी उलट दिशेने गेली. धोबीतलावजवळचे रंगभवन हे एकेकाळी देशातील रॉक संगीताचे माहेर. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सवाच्या आठवणी त्याच खुल्या नाट्यगृहाशी जोडलेल्या आहेत. परंतु रुग्णालये, न्यायालय आणि महाविद्यालय यांच्या शेजारामुळे तो परिसर शांतता क्षेत्रात आला आणि रंगभवनचा ध्वनिक्षेपक थांबला. रुग्णांच्या झोपेविरुद्ध गिटारची बाजू घेणे कठीण आहे. मात्र महानगराने पर्यायी जागा उभी केली नाही, ही तक्रार रास्तच म्हणावी लागेल.

मैदान

बेंगळुरूकडे जागा होती. १८७०च्या दशकात म्हैसूरच्या वाडियार घराण्यासाठी घेतलेला राजवाडा आणि त्याभोवतीची सुमारे ४७२ एकर जमीन मेहक्री सर्कल आणि जयमहाल यांच्या दरम्यान पसरली आहे. ही जमीन संपादन करण्यासाठी कर्नाटकने १९९६ मध्ये कायदा केला आणि राजघराण्याशी त्याचा न्यायालयीन वाद सुरू राहिला. वाद चालू असताना मैदान लग्ने, प्रदर्शने आणि संगीत यांच्या कामी येत गेले. २००२ मध्ये रॉजर वॉटर्स आणि २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स येथेच वाजवून गेले.

मेटलच्या चाहत्यांच्या दृष्टीने मात्र दिनदर्शिका १७ मार्च २००७ पासून सुरू होते. त्या शनिवारी इंग्लंडचा ‘आयर्न मेडन’ पॅलेस ग्राउंड्सवर आला. त्याच संध्याकाळी वेस्ट इंडिजमधील विश्वचषकात भारतीय क्रिकेट संघ बांगलादेशकडून हरत होता. मैदानावरील हजारोंना त्याचे सोयरसुतक नव्हते, आणि या देशात ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. आधी वाजवणाऱ्या दिल्लीच्या ‘परिक्रमा’ला पुढे त्याच वर्षी इंग्लंडमधील डाउनलोड महोत्सवात स्थान मिळाले. त्यानंतर एरोस्मिथ, स्कॉर्पियन्स, मेगाडेथ असे एकेक नाव बेंगळुरूच्या वाटेवर आले. आयर्न मेडननेही १ फेब्रुवारी २००८ रोजी आपल्या जगदौऱ्याचा आरंभ मुंबईतून केला आणि २००९ मध्ये पुन्हा बेंगळुरू गाठले.

चिखल आणि पहिला सूर

३० ऑक्टोबरला पाऊस झाला. पॅलेस ग्राउंड्सची तांबडी माती भिजली आणि प्रवेशद्वारापासून मंचापर्यंत चिखल झाला. हजारोंच्या पायाखाली तो मळला गेला. बूट रुतले, पँट गुडघ्यापर्यंत रंगल्या. बेंगळुरूचा ‘इनर सँक्टम’ आणि स्कॉटलंडचा ‘बिफी क्लायरो’ यांनी आधी वादन केले. प्रेक्षकसंख्येचे अंदाज २५ हजारांपासून ४० हजारांपर्यंत सांगितले गेले. अशा मैदानावर डोकी मोजणे हे शास्त्रापेक्षा स्वभावाचे काम असते.

मेटॅलिकाचे आगमन नेहमी एकाच रीतीने होते. दिवे मालवतात आणि इटालियन संगीतकार एन्नियो मोरिकोने यांची १९६६ च्या एका काउबॉयपटासाठी रचलेली धून वाजू लागते. १९८० च्या दशकापासूनचा हा प्रघात. ती धून वर्षानुवर्षे ध्वनिचित्रफितींत ऐकलेल्या माणसाने ती आपल्या डोक्यावरच्या आकाशात ऐकली, तेव्हा पुढे कार्यक्रम होणारच, ही खात्री त्याला प्रथम पटली. गुडगावच्या बातमीनंतर तोवर ती कोणालाही नव्हती. ‘क्रीपिंग डेथ’ने सुरुवात झाली. मंचावर हेटफील्ड आणि उलरिक यांच्यासह गिटारवर कर्क हॅमेट आणि बास गिटारवर रॉबर्ट ट्रुहिलो होते.

पुढचे सुमारे दोन तास कोणी कसे अनुभवले, हे तो कुठे उभा होता यावर अवलंबून होते. अगदी पुढच्या ओळींतील श्रोत्याला संगीत कानांपेक्षा छातीत अधिक जाणवते. बास ड्रमचा प्रत्येक ठोका बरगड्यांवर उमटतो. त्याला मंच दिसतो, पण शेजाऱ्याच्या कोपरापलीकडचे जग दिसत नाही. मधल्या भागात वर्तुळे तयार होतात. एक मोकळी जागा आपोआप उघडते आणि तरुण तिच्याभोवती धावू लागतात, एकमेकांवर आदळतात. वारीतले रिंगण पाहिलेल्या मराठी माणसाला वर्तुळात धावण्याचा हा आनंद पुरता परका वाटू नये. बाहेरून हाणामारी भासणाऱ्या या खेळाचा एक अलिखित नियम जगभर पाळला जातो : पडलेल्याला तत्काळ उचलायचे. चिखलात घसरणारे त्या दिवशी पुष्कळ होते आणि उचलणारे हातही. शंभर मीटर मागे उभ्या असलेल्यांचा अनुभव निराळाच. प्रकाश क्षणात पोहोचतो, ध्वनीला तेच अंतर कापण्यास सुमारे ०.३ सेकंद लागतात; म्हणून पडद्यावर काठी ढोलावर पडताना दिसते आणि आवाज किंचित मागाहून येतो. मोठ्या मैदानांवर मागील मनोऱ्यांवरचे ध्वनिक्षेपक मोजून उशिरा वाजवले जातात, ते यासाठीच.

‘वन’ या गीताच्या आरंभी युद्धभूमीचे आवाज घुमतात. ‘नथिंग एल्स मॅटर्स’ या संथ गीताला गर्दी गायकाच्या बरोबरीने गाते. उंचावलेल्या हातांची तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली बोटे मिटलेली. ही खूण गायक रॉनी जेम्स डिओ याने लोकप्रिय केली. इटालियन वंशाच्या आपल्या आजीकडून, दृष्ट लागू नये म्हणून ती करताना पाहिल्याचे तो सांगत असे. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणाऱ्या घरांतील मुले तोच हात वर करून उभी होती, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. ‘सीक अँड डिस्ट्रॉय’ने समारोप झाला.

जे घडले नाही

त्या रात्री बेंगळुरूत अडथळा कोसळला नाही. हे वाक्य जितके साधे दिसते तितके नाही. उभ्या गर्दीत प्रति चौरस मीटर चार माणसांपर्यंत हालचाल शक्य असते. सहा-सात माणसांच्या पुढे गर्दी द्रवासारखी वागू लागते, लाटा उठतात आणि एका व्यक्तीच्या इच्छेला अर्थ उरत नाही. अशा ठिकाणी मृत्यू बहुधा तुडवले जाण्याने नव्हे, तर छाती दाबली जाऊन श्वास न घेता आल्याने होतात. डेन्मार्कमधील रॉसकिल्डे महोत्सवात ३० जून २००० रोजी ‘पर्ल जॅम’च्या कार्यक्रमात ९ तरुण मंचासमोर मृत्युमुखी पडले, तेथेही जमीन पावसाने निसरडी झाली होती. १९९१ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे ‘एसी/डीसी’च्या कार्यक्रमात तिघांचा बळी गेला. म्हणून मंचासमोरचा अडथळा नुसता जमिनीत रोवून चालत नाही. त्याची रचना अशी असते की, श्रोत्याचेच वजन त्याच्या पायाच्या पट्टीवर पडून तो जागी राहतो. आणि मंच व अडथळा यांमधील मोकळ्या पट्टीत उभे असलेले रक्षक घुसमटलेल्यांना वर ओढून बाहेर काढतात.

संगीताविना जमलेली गर्दीही हाच नियम पाळते. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोची विद्यापीठात मैफलीपूर्वी पाऊस आला, बाहेरचे लोक आत धावले आणि ४ जणांनी प्राण गमावले. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूच्याच चिन्नास्वामी मैदानाबाहेर क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात ११ जण चेंगरून मरण पावले. त्यानंतर कर्नाटक सरकारने गर्दी नियंत्रणाचे विधेयक विधिमंडळात आणले. चिखलातल्या त्या रविवारी हजारो माणसे उड्या मारत असताना सगळे घरी परतले, याचे मोल या आकड्यांशेजारी ठेवल्यावर कळते.

आवाजाचा हिशेब आणखी एक. देशातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार खुल्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. ठरावीक दिवशीच राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. परिणामी भारतातील रॉक कार्यक्रम युरोपच्या तुलनेत लवकर सुरू होतात आणि लवकर संपतात. श्रोत्याच्या कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. २०११ च्या मैदानावर कानांत बोळे घातलेला श्रोता विरळाच असावा.

कार्यक्रम संपल्यावर मेहक्री सर्कलच्या रस्त्यावर काळ्या टी-शर्टांची रांग वाहनांमधून वाट काढत राहिली. देवनहळ्ळी येथील विमानतळाकडे जाणारा हाच मार्ग असल्याने पॅलेस ग्राउंड्सवरील प्रत्येक मोठा कार्यक्रम विमान गाठू पाहणाऱ्यांनाही सोसावा लागतो. पुढील वर्षी स्लेयर आणि गन्स एन’ रोझेस यांचे बेंगळुरूतील कार्यक्रम शहराच्या उत्तरेकडील भारतीय सिटीत झाले. गन्स एन’ रोझेस १७ मे २०२५ रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर पुन्हा आले, तेव्हा मुंबई-पुण्याच्या चाहत्यांना उद्यान एक्स्प्रेसचे आरक्षण करावे लागले नाही. पॅलेस ग्राउंड्सच्या जमिनीचा वाद सुटलेला नाही; मैदानालगतच्या रस्त्यांच्या रुंदीकरणासाठी लागणारी सुमारे १५ एकर जागा आणि तिच्या बदल्यात द्यावयाचे विकास हक्क हा त्यातील सध्याचा मुद्दा आहे.