निगेटिव्हवरून कॅमेऱ्याचा शोध

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला, ही गोष्ट आपल्या सीमाभागातही अभिमानाने सांगितली जाते. घराघरांतल्या साध्या कॅमेऱ्यांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहून ठेवलेला नाही. तो माळ्यावरच्या डब्यांत निगेटिव्हच्या रूपात पडून आहे. आमच्या निपाणीच्या घरातल्या अशाच एका डब्याची ही हकीकत.

आमच्या सोप्यात एक जुना फोटो लावलेला आहे. विसर्जनाला निघालेला घरचा गणपती, पाट हातात धरलेले वडील आणि शेजारी आरतीचे ताट घेतलेली आजी. हा फोटो आजोबांनी काढला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यांचा घडीचा, म्हणजे फोल्डिंग कॅमेरा अजून घरात आहे. गेल्या वर्षी माळा साफ करताना बिस्किटांचा एक डबा सापडला. त्यात या फोटोची निगेटिव्ह, त्याच रोलच्या आणखी काही निगेटिव्ह आणि तळाशी एक आग्फा क्लिक-३ कॅमेरा होता. मग प्रश्न पडला, फोटो नेमका कोणत्या कॅमेऱ्याचा?

सुरुवात पट्टीने मोजण्यापासून करावी. १२० क्रमांकाची फिल्म १९०१ पासून चालत आली आहे. तिची रुंदी सुमारे ६ सेंटीमीटर. एकाच रोलवर कॅमेऱ्याप्रमाणे कमीजास्त फोटो येतात. ६ × ९ सेंटीमीटरचे ८, ६ × ६ चे १२ आणि ६ × ४.५ चे १६. दोन्ही कडांना भोके असलेली अरुंद पट्टी असेल, तर ती ३५ मिलिमीटरची. तिच्यावरचे नेहमीचे चित्र २४ × ३६ मिलिमीटर भरते. ही मापे नावापुरती असतात. ‘६ × ६’चे चित्र प्रत्यक्षात सुमारे ५६ मिलिमीटर चौरस असते. आमच्या निगेटिव्ह तेवढ्याच भरल्या.

आजोबांचा कॅमेरा ६ × ९ चा. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला क्लिक-३ मात्र ६ × ६ चा. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. काही फोल्डिंग कॅमेऱ्यांत पत्र्याची चौकट बसवून लहान चित्रही घेता येई. शिवाय ६ × ६ चे कॅमेरे अनेक कंपन्यांनी काढले होते. मापावरून कॅमेऱ्याचा प्रकार कळतो, नेमका कॅमेरा नाही.

येथे बहुतेकांची एक चूक होते. निगेटिव्हच्या कडेला ‘कोडॅक’ दिसले की कॅमेरा कोडॅकचा, असे आपण धरून चालतो. ते नाव फिल्मचे असते. आमच्या निगेटिव्हवर ‘इंदू’ होते. इंदू ही उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची फिल्म आणि तिथले उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले. म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. छापताना कापली गेलेली एक कडही निगेटिव्हवर शिल्लक होती. तिच्यात रस्त्यापलीकडच्या कचेरीच्या फलकावर म्हैसूर सरकारचे नाव वाचता आले. राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक झाले. फलक काही दुसऱ्या दिवशी बदलत नाहीत, हे सरकारी नोकरीत असल्याने मला ठाऊक आहे. तरी काळ साधारण ठरला.

खरा पुरावा चौकटीच्या कडेला मिळाला. कॅमेऱ्याच्या आत फिल्मसमोर जी चौकट असते, तिची सावली प्रत्येक चित्राच्या काठावर उमटते. चौकटीला खाच असेल, टवका असेल, तर तो प्रत्येक निगेटिव्हवर त्याच जागी येतो. मोबाइलचा पांढरा पडदा खाली ठेवून भिंगातून पाहिले. सगळ्या निगेटिव्हवर वरच्या काठाला, डाव्या कोपऱ्याजवळ एक बारीक टोक होते. कॅमेऱ्यात चित्र उलटे पडते. त्यामुळे मागचे झाकण उघडून खालचा काठ आणि उजवा कोपरा पाहायचा. क्लिक-३ मध्ये नेमका तिथेच टवका उडालेला होता. आजोबांच्या कॅमेऱ्याची चौकट स्वच्छ होती.

क्लिक-३ होता आत्तीचा. तिला विचारले, तर ती सहज म्हणाली, “मग कोण काढणार रे? आण्णांचा हात कापायचा की तेव्हा.” तिचे वय आता अठ्ठ्याहत्तर. घरातल्या त्या काळच्या कोणत्याच फोटोत ती का नाही, हेही त्या दिवशी उलगडले. फोटोच्या मागे आम्ही आता तिचे नाव लिहिले आहे.

आपल्याही घरी असा डबा असेल. निगेटिव्ह कडेने धरा, प्लॅस्टिकमधून काढून कागदी पाकिटांत घाला, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणापासून जपा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या वेगळ्या ठेवा. त्यांची फिल्म खराब होऊ लागलेली असते. गणपतीत सगळे घरी जमतात. तेव्हा डबा खाली काढा आणि ज्येष्ठांना विचारा. मोजमाप पुढच्या वर्षीही करता येईल. सांगणारी माणसे मात्र आज आहेत.