मद्यमुक्ती गटांच्या मीटिंगची यादी : अचूक कशी ठेवावी?

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटांच्या मीटिंग कुठे, कोणत्या वारी, किती वाजता भरतात, हे सांगणारी यादी म्हणजे मीटिंग-यादी. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजेच ‘एए’, ही चळवळ 1935 मध्ये अमेरिकेतील अॅक्रन शहरात सुरू झाली. भारतात तिची सुरुवात 1957 मध्ये मुंबईत झाली. सदस्य होण्यासाठी फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. प्रत्येक गट आपला कारभार स्वतः पाहतो, त्यामुळे वेळ किंवा जागा बदलली तरी ती बातमी यादीपर्यंत आपोआप पोचत नाही.

चूक महाग का पडते?

नवा माणूस बहुतेक वेळा महिनोन्‌महिने मन घट्ट करून पहिल्यांदा येतो. दाराला कुलूप दिसलं की ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणत तो परततो, आणि तो पुढचा आठवडा येईलच असं नाही. जुन्या सदस्याला फोन करून विचारता येतं. नव्याकडे फक्त यादी असते. म्हणून यादी नव्या माणसाच्या नजरेने तपासायची.

नोंदीत काय हवं?

- वार आणि वेळ : नुसतं ‘7 वाजता’ नको, ‘सायंकाळी 7 ते 8.30’ असं हवं. ‘पंधरा दिवसांनी एकदा’ हेही टाळावं. पाच रविवार असलेल्या महिन्यात त्याचा घोळ होतो. ‘दुसरा आणि चौथा रविवार’ स्पष्ट आहे.
- जागा : इमारतीचं नाव, मजला, कोणत्या गेटने आत जायचं आणि जवळची ठळक खूण. जिने चढावे लागत असतील तर तेही लिहावं.
- प्रकार : खुली मीटिंग कुणालाही चालते; बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. हे लिहिलं नाही तर नवऱ्यासोबत आलेल्या बायकोला बाहेर थांबावं लागतं. घरच्यांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट असतात. त्यांची नोंद वेगळी ठेवावी.
- भाषा : मराठी, कोंकणी, कन्नड, हिंदी की इंग्रजी.
- खात्री केल्याची तारीख : ही प्रत्येक नोंदीखाली हवीच.

सीमाभागातली अडचण

याद्या राज्यांप्रमाणे केल्या, तरी माणसं तशी वागत नाहीत. चंदगडच्या माणसाला बेळगाव सोयीचं, गडहिंग्लजच्या माणसाला संकेश्वर जवळचं, दोडामार्गच्या माणसाला गोव्यातलं डिचोली. काहींना तर ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम पलीकडच्या गावातली मीटिंग हवी असते. म्हणून सीमेलगतच्या यादीत शेजारच्या राज्यातले जवळचे गटही घ्यावेत. गावांची नावं दोन्ही रूपांत द्यावीत : बेळगाव-बेळगावी, पणजी-पंजिम, बडोदा-वडोदरा. शोधणारा कोणतं नाव टाकील ते सांगता येत नाही.

यादी ताजी ठेवण्याची रीत

1. मूळ प्रत एकच, आणि तिला जबाबदार माणूसही एकच. त्याच्या जोडीला एक बदली माणूस.
2. दर तीन महिन्यांनी प्रत्येक गटाशी बोलावं. ‘सगळं तसंच आहे ना?’ असं विचारलं की सवयीने ‘हो’ येतं. त्याऐवजी ‘मागची मीटिंग कुठे, किती वाजता झाली?’ असं विचारावं.
3. दोनदा फोन करूनही उत्तर नसेल तर एखाद्याने त्या वेळी प्रत्यक्ष जाऊन यावं. तोवर नोंदीपुढे ‘खात्री झालेली नाही’ असं लिहावं. मीटिंग बंद असल्याचं कळलं की नोंद त्याच दिवशी काढावी.
4. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल अशा मागून घेतलेल्या जागा सुट्टीत बंद असू शकतात. परीक्षा, मे महिना, गणपती आणि नाताळ यांच्या आधी जादा तपासणी करावी.
5. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये फोनवर किंवा व्हिडिओवर गेलेल्या मीटिंग आजही तशाच आहेत का, हे वेगळं विचारावं.
6. छापील पत्रकावर तारीख टाकावी. नवं पत्रक लावताना दवाखान्यातलं, पोलीस ठाण्यातलं जुनं काढून आणावं. भिंतीवरचं जुनं पत्रक वर्षानुवर्षं चुकीचा पत्ता सांगत राहतं.

गुप्तता

अनामिकता हा एए चा पाया आहे. यादीत सदस्याचं पूर्ण नाव, फोटो किंवा घरचा नंबर नको. संपर्कासाठी गटाचा वेगळा नंबर ठेवावा. तो उचलणारा बदलला तरी नंबर तोच राहतो. कोणतीही नोंद गटाला विचारूनच टाकावी.

यादीच्या शेवटी

जवळपास मीटिंग नसेल त्या दिवशीही वाचणाऱ्याला पुढची वाट दिसायला हवी. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस 14416 हे दोन नंबर तिथे द्यावेत. आणखी एक सूचना ठळक छापावी : रोज खूप पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर झटके, भ्रम असे जिवावरचे त्रास होऊ शकतात. अशा वेळी आधी डॉक्टर, मग मीटिंग.