शताब्दी एकाची, संगीत अनेकांचे

1999 साली ड्यूक एलिंग्टनची जन्मशताब्दी अमेरिकेत थाटाने साजरी झाली. विंटन मार्सालिसच्या नेतृत्वाखाली लिंकन सेंटरचा जॅझ वाद्यवृंद त्याच्या रचना घेऊन गावोगाव फिरला, आणि पुलित्झर मंडळाने त्याला मरणोत्तर विशेष सन्मान दिला. 1965 मध्ये परीक्षकांनी शिफारस करूनही याच मंडळाने तो नाकारला होता. नाचाच्या बँडचा म्होरक्या समजला गेलेला हा कृष्णवर्णीय कलावंत थोर रचनाकार म्हणून मान्य झाला, हे उचितच होते. मात्र या संगीतावर एकाच नावाची मोहोर उमटवली, तर ते कसे घडले हेच झाकले जाते. अशा मैफलीत एलिंग्टनबरोबर त्याच्या वादकांचाही मान राखला गेला पाहिजे.

याचा पुरावा त्याच्या कागदांतच सापडतो. एखादा भाग कोणी वाजवायचा हे लिहिताना तो अनेकदा वाद्याऐवजी थेट वादकाचे नाव घाली. बबर माइलीने ट्रम्पेटमधून काढलेला गुरगुरता स्वर कॉटन क्लबच्या दिवसांत साऱ्या बँडची ओळख बनला. 1936 च्या ‘कॅराव्हॅन’ची सुरावट पोर्तो रिकोहून आलेल्या हुआन टिझोल या ट्रॉम्बोनवादकाची. 1941 मध्ये हक्कांच्या वादामुळे रेडिओवर एलिंग्टनच्या रचना वाजेनाशा झाल्या, तेव्हा त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्नची ‘टेक द ए ट्रेन’ पुढे आली आणि कायमची बँडची सलामी ठरली.

यावर कोणी म्हणेल, वादक एवढे मोठे होते तर बाहेर पडल्यावर त्यांच्या हातून असेच संगीत का घडले नाही? बँडमधला सॅक्सोफोनवादक जॉनी हॉजेस 1951 मध्ये स्वतःचा बँड काढायला गेला आणि 1955 मध्ये परतला. हा आक्षेप खरा आहे आणि त्यातून एलिंग्टनची थोरवीच दिसते. कोणाच्या स्वराशेजारी कोणाचा स्वर ठेवायचा, ही जाण त्याचीच होती. पण ज्यांचे स्वर जुळवले, त्यांचे देणे त्यामुळे फिटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: संगीत जर वादकांत इतके गुंतलेले असेल, तर ते गेल्यावर वाजवायचे कशाला? याचे उत्तर न्यूपोर्टच्या 1956 च्या महोत्सवाने आधीच दिले होते. 1937 मध्ये रचलेल्या ‘डिमिन्यूएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’च्या दोन भागांमध्ये पॉल गोन्साल्विसने टेनर सॅक्सोफोनवर सलग 27 आवर्तने घेतली आणि श्रोते उठून नाचू लागले. रचना झाली तेव्हा तो बँडमध्ये नव्हताही. नव्या वादकाला आपले म्हणणे मांडू देणारी मोकळी जागा एलिंग्टनने स्वतःच राखली होती. म्हणून शताब्दीच्या मैफलीने हॉजेसची हुबेहूब नक्कल करू नये. जुन्या वादकांची नावे मंचावरून आवर्जून घ्यावीत आणि आजच्या वादकाला त्याच्या स्वतःच्या स्वरात वाजवू द्यावे. एलिंग्टनची रीत हीच होती, आणि ती पाळणे हाच त्याचा खरा सन्मान आहे.