पाव, वाइन, पाणी : यात्रेच्या वाटेवरची एक शब्दयादी

समजा, तुम्ही संशोधनासाठी असा विषय घेतलात : लांबच्या पायी यात्रेत वेगवेगळ्या देशांची माणसं बरोबर चालतात, तेव्हा त्यांच्यात नेमकं काय घडतं? उदाहरण म्हणून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाची यात्रा घेऊ. तिथे संत याकोबाची कबर आहे अशी श्रद्धा आहे आणि नवव्या शतकापासून लोक तिथे जाताहेत. त्या वाटांना मिळून ‘कामिनो’ म्हणतात. सगळ्यांत गजबजलेली वाट फ्रान्सकडून पिरेनीज पर्वत ओलांडून पश्चिमेला जाते, साधारण ७८० किलोमीटर.

विज्ञान शाखेतून आलेला माणूस आधी आकडे शोधतो. मीही आधी तेच शोधले, आणि ते मिळतातही. सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयात १९८६ मध्ये अडीच हजारांच्या आसपास नोंदी होत्या, २०२४ मध्ये जवळपास ५ लाख, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त परदेशी. झाला ना विषय? थांबा जरा. हे कार्यालय चालणाऱ्यांना मोजत नाही, प्रमाणपत्र मागणाऱ्यांना मोजतं. पायी जाणाऱ्याला प्रमाणपत्रासाठी शेवटचे किमान १०० किलोमीटर चालावे लागतात. म्हणजे ६०० किलोमीटर चालून पाय सुजल्यावर घरी परतलेला माणूस या तक्त्यात नाहीच, आणि सारिया गावापासून पाच-सहा दिवस चाललेला आहे. राष्ट्रीयत्वाचा रकाना आहे, पण कोण कोणाबरोबर चाललं याचा रकाना नाही. आपल्या प्रश्नातला ‘बरोबर’ हा शब्दच आकड्यांतून गळून पडतो.

त्यात आणखी एक अडचण. माहितीपत्रकांत ‘हजार वर्षांची अखंड परंपरा’ असं सर्रास लिहिलेलं असतं. अखंड वगैरे काही नाही. १५८९ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्याच्या भीतीने संताचे अवशेष लपवले गेले, ते थेट १८७९ मध्ये पुन्हा सापडले. धर्मसुधारणेनंतर उत्तर युरोपातून येणारा ओघही आटला होता. वाटेवरच्या आजच्या पिवळ्या बाणांची सुरुवात १९८० च्या दशकात ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी केली, आणि १९८७ मध्ये युरोप परिषदेने या वाटेला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. तेव्हा आज तिथे दिसणारा जर्मन, कोरियन, ब्राझिलियन सहप्रवास उचलून बाराव्या शतकात नेऊन ठेवता येत नाही. जुन्या काळासाठी जुनाच पुरावा बघावा लागतो.

तो पुरावा एका हस्तलिखितात आहे : ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’. बाराव्या शतकातलं हे लॅटिन हस्तलिखित सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये आहे. (२०११ मध्ये ते चोरीला गेलं आणि वर्षभराने एका गॅरेजमध्ये सापडलं, पुराव्याचं आयुष्यही माणसासारखंच असतं.) नाव पोप कॅलिक्स्टस दुसरा याचं, पण लेखक तो नव्हे. त्याचा पाचवा भाग यात्रेकरूंची मार्गदर्शिका आहे. ती एमेरी पिको नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने लिहिली असं बरेचदा म्हणतात, पण ते सिद्ध झालेलं नाही. लेखक फ्रान्समधल्या पोआतू भागाचा असावा, एवढं मात्र मजकुरावरून वाटतं, कारण पोआतूचे लोक त्याला शूर, देखणे आणि दानशूर दिसतात. बाकीच्यांचं काही खरं नाही.

ही मार्गदर्शिका वाचताना पहिली साधी गोष्ट करा : भागाकार. पिरेनीजपासून सांतियागोपर्यंत लेखक १३ टप्पे सांगतो. म्हणजे दिवसाला सरासरी ६० किलोमीटर! यातल्या दोन टप्प्यांपुढे, एस्तेया ते नाहेरा आणि नाहेरा ते बुर्गोस, त्याने स्वतःच ‘घोड्यावरून’ अशी नोंद केली आहे. तेव्हा आपल्या हातात आहे ती घोडा बाळगणाऱ्याची नजर. अनवाणी चालणाऱ्या गरीब यात्रेकरूने काय पाहिलं ते इथे त्याच्या शब्दांत मिळणार नाही.

आता नवार प्रांतात येऊ. इथले लोक बास्क बोलणारे, आणि लेखकाचा त्यांच्यावर भयंकर राग. सगळं घर, मालक आणि नोकर, एकाच भांड्यातून हाताने जेवतं याची त्याला किळस येते. त्यांची बोली त्याला कुत्र्याच्या भुंकण्यासारखी वाटते. सालादो नदीची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. काठावर दोन नवारी माणसं सुऱ्यांना धार लावत बसलेली. पाणी पिण्याजोगं आहे का, असं विचारल्यावर ते म्हणाले, हो. घोड्यांना पाणी पाजलं, दोन घोडे जागीच मेले, आणि त्या दोघांनी लगेच त्यांची कातडी सोलायला घेतली.

इथे बहुतेक वाचक थांबतात आणि ‘मध्ययुगात परक्यांविषयी द्वेष होता’ असं टिपण काढतात. चुकीचं नाही, पण एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. याच प्रकरणात थोडं पुढे लेखक बास्क शब्दांची एक छोटी यादी देतो. बास्क भाषेच्या सर्वांत जुन्या शब्दसंग्रहांपैकी ही एक. आधी देव, मग देवमाता, मग पाव ‘ओर्गुई’, वाइन ‘आर्दुम’, मांस ‘आरागुई’, मासा ‘आराइन्य’, घर ‘एचेआ’, मग घरधनी, घरधनीण, चर्च ‘एलिसेरा’, धर्मगुरू, गहू, पाणी ‘उरिक’, राजा, आणि शेवटी संत याकोब. क्रम बघा. संध्याकाळी दमून दारात आलेल्या माणसाला लागणारा हा ऐवज आहे.

आणि आता खरी गंमत. आजच्या बास्कमध्ये पाण्याला ‘उर’ म्हणतात. ‘उरिक’ हे त्याचं विभक्ती लागलेलं रूप. ते प्रश्नात किंवा नकारात येतं, म्हणजे ‘पाणी आहे का?’ किंवा ‘पाणी नाही’ अशा वाक्यात. ‘एलिसेरा’ हे ‘एलिझारा’सारखं दिसतं, म्हणजे ‘चर्चकडे’. ‘एचे’ला लागलेला ‘आ’ म्हणजे ‘ते घर’मधला ‘ते’. पुस्तकातून उतरवलेली यादी असती तर शब्द मूळ रूपात मिळाले असते. हे शब्द बोलण्यातून कानावर पडलेले दिसतात : कोणी तरी पाण्याबद्दल विचारलं, कोणी तरी चर्चकडे हात केला. माझं अनुमान असं, की ज्यांना लेखक रानटी म्हणतो त्यांच्यापैकी कोणी तरी त्याच्याशी, किंवा त्याच्या सोबत्याशी, शब्द कळेपर्यंत बोलत राहिलं होतं. सालादोच्या काठावर पाणी पिण्याजोगं आहे का हे ज्या भाषेत विचारावं लागलं असेल, तिच्यातलाच ‘उरिक’ त्याने जपून लिहून ठेवला. लेखकाचं मत एक सांगतं, त्याची सामग्री दुसरं.

एक शब्द जपून वापरा : ‘परदेशी’. पोआतूच्या या माणसाला गास्कनीचे लोकही परकेच वाटतात. ते बडबडे आणि दारुडे, पण गरिबाला जेवू घालणारे, असं त्याचं म्हणणं. आज हे दोन्ही भाग फ्रान्समध्येच आहेत. कार्यालयाच्या तक्त्यातला राष्ट्रीयत्वाचा रकाना घेऊन तुम्ही या मजकुरात उतरलात, तर दोघांना एकाच खान्यात टाकून मोकळे व्हाल.

आता एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा, तर जोडीला दुसरा नमुना हवा. तो आहे. कोलोनजवळचा सरदार आर्नोल्ड फॉन हार्फ १४९६ मध्ये प्रवासाला निघाला, आणि सांतियागोलाही गेला. वाटेत भेटलेल्या अनेक भाषांचे शब्द त्याने टिपून ठेवले. त्यांत बास्क आहे, आणि तिथे पुन्हा पाव, वाइन, पाणी, मांस. साडेतीन शतकांनी, वेगळ्या देशाचा, वेगळ्या थराचा माणूस, पण आधी लागणारे शब्द जवळपास तेच. हार्फच्या यादीत मात्र आणखी एक वाक्य आहे, जे धर्मगुरूने लिहिलं नसतं : सुंदर मुली, माझ्याबरोबर झोपायला ये. हे वाक्य ज्यांना ऐकावं लागलं, त्या खानावळींतल्या मुलींच्या बाजूने एकही यादी आपल्यापर्यंत आलेली नाही. कोणाला विषय हवा असेल, तर त्या काळातले न्यायालयाचे आणि धर्मशाळांचे कागद तिथून पुढे वाचायला घ्या.